आल्बच्या पायथ्याशी संसार

जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहराच्या आग्नेयेला किर्खहाइम उंटर टेक हे नगर आहे आणि त्याच्या पलीकडे श्वेबिश आल्ब ही चुनखडीची डोंगररांग एकाएकी उंच उठते. टेकच्या किल्ल्यावरून खाली पाहिले, की सफरचंद, नासपती आणि चेरीच्या झाडांनी भरलेल्या उतारांमध्ये विखुरलेली लहान लहान गावे दिसतात. त्यांतल्या एका गावात आम्ही तिघे, म्हणजे मी, माझे पती आणि आमची मुलगी, गेली काही वर्षे राहत आहोत. पती नेकार नदीच्या खोऱ्यातील यंत्रनिर्मितीच्या एका कारखान्यात अभियंता आहेत. मी सांगलीकडची असून लग्नानंतर पुण्यात नोकरी करीत होते.

महाराष्ट्रातून या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येणाऱ्यांचा ओघ नवा नाही. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून एकमेकींची भगिनी-शहरे आहेत आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करारही केला. मात्र येणाऱ्यांना जी माहिती मिळते ती बहुतेक शहरातल्या जीवनाची असते. खेड्यात राहायला जाणाऱ्या कुटुंबाचे दिवस वेगळे असतात, कारण तेथे शेजारी तुम्हाला तुमच्या नोकरीवरून किंवा भाषेवरून ओळखण्याआधी तुमच्या वाट्याला आलेल्या कामावरून ओळखतात. अंगणासमोरचा रस्ता झाडणे, बर्फ उपसणे, कचऱ्याचा डबा योग्य दिवशी बाहेर ठेवणे, गावाच्या बागेत दोन हात लावणे, या साध्या कामांतून आम्हाला येथे जागा मिळाली. ती कशी मिळत गेली, हे सविस्तर लिहावेसे वाटते.

खेडे निवडण्याचे कारण सरळ होते. स्टुटगार्टमध्ये आम्हाला परवडेल असे पुरेसे मोठे घर मिळत नव्हते आणि पतींचा कारखाना गावापासून जवळ होता. तीन कुटुंबांच्या एका घरातला मधला मजला आम्हाला मिळाला. खाली घरमालकांचे वृद्ध आईवडील राहतात. अनामत रक्कम कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक घेता येत नाही. मात्र भाड्याच्या घरात स्वयंपाकघर बहुधा रिकामे असते, म्हणजे ओटा, सिंक आणि कपाटेही आपणच आणायची असतात, हे पुण्याहून येणाऱ्याने आधीच लक्षात घेऊन तेवढे पैसे बाजूला ठेवावेत. पहिले काही आठवडे आम्ही विजेच्या दोन शेगड्यांवर स्वयंपाक केला आणि भांडी न्हाणीघरात घासली.

राहायला आल्यावर दोन आठवड्यांच्या आत गावाच्या कार्यालयात, म्हणजे राटहाउसमध्ये, नोंदणी करावी लागते. त्यासाठी घरमालकाने आपण हे घर यांना दिले आहे असे लिहून दिलेला कागद लागतो. आमच्या गावात हे काम करणाऱ्या बाई एकच आहेत आणि त्यांनी आमची पासपोर्टे, विवाहाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला आणि त्यांची शपथबद्ध भाषांतरकाराकडून करून घेतलेली जर्मन भाषांतरे शांतपणे एकेक करून पाहिली. धर्म कोणता, हाही प्रश्न नोंदणीच्या वेळी विचारला जातो, कारण चर्चच्या सदस्यांकडून येथे आयकराबरोबर चर्चकर घेतला जातो. या एका नोंदणीवर पुढचे सगळे उभे असते. तिच्यामुळे अकरा अंकी करक्रमांक टपालाने घरी येतो, बँकेत खाते उघडता येते, मुलीचे नाव बालवाडीच्या यादीत जाते आणि सार्वजनिक रेडिओ-दूरदर्शनसाठी दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो भरण्याचे पत्रही आपोआप येते.

येथे टपालपेटीवर आडनाव असणे अत्यंत महत्त्वाचे आहे. घरक्रमांक कितीही अचूक असला, तरी पेटीवर आणि घंटेवर नाव नसेल तर पत्र परत जाते, आणि बँकेचे कार्ड, विम्याचे ओळखपत्र, परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची तारीख हे सर्व पत्रानेच येते. घरमालकांनी आम्ही सामान उतरवत असतानाच जुन्या नावाची पट्टी काढून आमचे आडनाव लावले. पुढच्या शनिवारी खालच्या आजींनी आम्हाला जिन्याच्या खिडकीपाशी बोलावून कचऱ्याचे वेळापत्रक समजावून सांगितले, आणि गावातले आमचे खरे शिक्षण तिथून सुरू झाले.

कचऱ्याची विभागणी जर्मनीत सगळीकडेच आहे, पण खेड्यात ती सर्वांच्या डोळ्यांदेखत होते. ओला कचरा, कागद, वेष्टने आणि उरलेला कचरा यांचे डबे वेगवेगळ्या दिवशी रस्त्याच्या कडेला ठेवायचे असतात. काचेच्या बाटल्या पांढरी, हिरवी आणि तपकिरी अशा वेगळ्या करून गावाबाहेरच्या मोठ्या पेट्यांत टाकायच्या, आणि तेही रविवारी किंवा रात्री नाही, कारण काच फुटण्याचा आवाज शेजाऱ्यांना ऐकू जातो. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर पंचवीस सेंट अनामत असते आणि बाटली दुकानातल्या यंत्रात परत घातल्यावर ते पैसे मिळतात. झाडांच्या फांद्या आणि गवत यांसाठी निराळे संकलनस्थळ आहे. हे सारे सुरुवातीला फार वाटते. काही महिन्यांनी मात्र हात आपोआप चालतात आणि घरात आपण किती वेष्टने आणतो, याची जाणीव कायमची होते.

केरवोखे ही प्रथा या श्वाबेन भागाचीच. इमारतीतल्या कुटुंबांनी आळीपाळीने आठवडाभर जिना, तळघराची वाट आणि घरासमोरचा पदपथ स्वच्छ ठेवायचा. ज्यांची पाळी असते त्यांच्या दारावर एक लहान पाटी अडकवलेली असते आणि शनिवारी काम झाले, की ती पुढच्या दारावर जाते. या रीतीचे मूळ १४९२ च्या स्टुटगार्टच्या नगरनियमांपर्यंत नेले जाते. आज ती बहुतेक ठिकाणी भाडेकराराचा भाग म्हणून पाळली जाते. आम्हा मराठी घरांत सकाळी दार झाडून सडा-रांगोळी करण्याची सवय असल्याने मला हे काम परके वाटले नाही. पदपथ झाडताना येणारे-जाणारे थांबून बोलत. दुकानात कोणी माझ्याशी बोलले नसते, पण हातात झाडू घेतलेल्या बाईला रस्त्यावरच्या प्रत्येकाने नमस्कार केला. गावातले बहुतेक शेजारी मला त्या पदपथावरच प्रथम भेटले.

भाषेचे सांगायचे, तर पुण्यातील मॅक्स म्युलर भवनात मी जर्मनच्या सुरुवातीच्या पातळ्या पूर्ण केल्या होत्या, पण येथील वृद्ध मंडळी श्वेबिश बोली बोलतात आणि ती पुस्तकातल्या जर्मनपासून बरीच दूर आहे. मी किर्खहाइममधल्या प्रौढशिक्षण केंद्रात सरकारी एकात्मता-अभ्यासक्रमाला जाऊ लागले. त्यात सहाशे तास भाषा आणि शंभर तास देशाचे कायदे, इतिहास आणि समाज यांची ओळख असते. सीरिया, युक्रेन, इरिट्रिया अशा देशांतून आलेल्या बायका माझ्याबरोबर होत्या आणि त्यांच्यापुढे आपली अडचण किती लहान आहे, हे मला रोज दिसत असे. मी स्वेच्छेने आणि परतीचे तिकीट काढता येईल अशा स्थितीत आले होते. त्यांतल्या अनेकींना परत जाण्यासाठी घरच उरलेले नव्हते.

बोली आणि गाव दोन्ही कळण्यासाठी मला सर्वांत अधिक उपयोग झाला तो गावाच्या साप्ताहिक पत्रकाचा. ग्रामपालिकेच्या सभेतले ठराव, कचऱ्याच्या तारखा, सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्यांचे वाढदिवस, अग्निशमन दलाचा सराव, चर्चच्या वेळा, संगीत मंडळाची मैफल, हरवलेले मांजर असे सारे त्यात असते. दर आठवड्याला मी ते शब्दकोश घेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत असे. कोणाचा वाढदिवस आहे हे आधीच ठाऊक असल्याने रस्त्यात भेटल्यावर शुभेच्छा देता येत आणि तेवढ्यावर संभाषण सुरू होई. नव्याने खेड्यात येणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे आहे, की भाषेच्या महागड्या पुस्तकांच्या आधी हे पत्रक वाचावे.

वाहनाशिवाय खेड्यात फार अडते. किर्खहाइमपर्यंत स्टुटगार्टहून एस-बान ही उपनगरी रेल्वे येते, पण तिथून आमच्या गावाला बसने यावे लागते आणि संध्याकाळनंतर बस विरळ होतात. भारतीय वाहनपरवाना येथे वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेच चालतो. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात, शिवाय दृष्टितपासणी आणि प्रथमोपचाराचा वर्गही असतो. पुण्याच्या रहदारीत वर्षानुवर्षे गाडी चालवलेल्या माणसाला या परीक्षेचे महत्त्व आधी पटत नाही. गावातल्या चौकांत मात्र कोठेही पाटी नसते आणि उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे एवढ्या एकाच नियमावर सगळी वाहतूक चालते. हा नियम अंगात मुरेपर्यंत शिक्षकाबरोबर गाडी चालवली, याचे मला समाधान आहे.

मुलगी आली तेव्हा बालवाडीच्या वयाची होती. प्रवेशाआधी गोवराच्या दोन लसी झाल्याचा पुरावा द्यावा लागतो; मार्च २०२० पासून तसा कायदा आहे. भारतातली लसीकरणपत्रिका नीट जपून आणली होती, त्यामुळे येथील डॉक्टरांनी सर्व नोंदी पिवळ्या आंतरराष्ट्रीय पुस्तिकेत उतरवून घेतल्या. तिच्या दंडावरच्या बीसीजीच्या व्रणाविषयी त्यांनी कुतूहलाने विचारले, कारण जर्मनीत १९९८ पासून ती लस देण्याची शिफारस नाही. मुलांचे डॉक्टर मिळणे ही ग्रामीण भागातली खरी अडचण आहे. अनेक दवाखाने नवे रुग्ण घेत नाहीत आणि आम्हालाही शेजारच्या खोऱ्यात जावे लागते. दवाखाना बंद असताना जिवावरच्या नसलेल्या, पण दवाखाना उघडेपर्यंत थांबता न येणाऱ्या आजारासाठी ११६११७ आणि जिवावरच्या प्रसंगासाठी ११२ हे दोन क्रमांक आमच्या फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावलेले आहेत. सार्वजनिक आरोग्यविम्यात कमाई नसलेला जोडीदार आणि मुले वेगळा हप्ता न भरता समाविष्ट होतात, हा मोठा आधार आहे.

प्राथमिक शाळा गावातच आहे, पहिली ते चौथी. पहिल्या दिवशी मुलाच्या हाती शंकूच्या आकाराची, जवळजवळ मुलाच्या उंचीची रंगीत पुठ्ठ्याची पिशवी देतात आणि तिच्यात खाऊ, पेन्सिली, लहान भेटी असतात. बालवाडीतल्या मुलांच्या आयांनी एका संध्याकाळी एकत्र बसून या पिशव्या हातांनी तयार केल्या आणि मीही त्यांत होते. त्यानंतर शाळेने पालकांना आग्रहाने सांगितले, की मुलांना गाडीने सोडू नका, त्यांना चालत येऊ द्या. सहा वर्षांच्या मुलीला एकटीने रस्ता ओलांडू देणे मला फार जड गेले. काही आठवडे मी तिच्याबरोबर, नंतर थोडी मागे, नंतर कोपऱ्यापर्यंत जात राहिले. गल्लीतली चार मुले एकत्र निघत असल्याने आणि वाटेवरच्या घरांतल्या माणसांना ती ओळखीची असल्याने हळूहळू माझी धास्ती गेली. चौथीत पोलिसांकडून सायकल चालवण्याचे प्रशिक्षण आणि परीक्षा असते, तिची तयारी मुले आतापासून करीत असतात.

शाळा दुपारीच सुटते, त्यामुळे आईवडील दोघांनी पूर्ण वेळ नोकरी करणे खेड्यात अवघड होते. गावात दुपारच्या देखभालीची सशुल्क सोय आहे, पण जागा थोड्या. पहिलीच्या मुलांना दिवसभराच्या देखभालीचा कायदेशीर हक्क २०२६-२७ च्या शाळावर्षापासून सुरू होतो. आमच्या मुलीच्या वेळी तो नव्हता. मी पुण्यातल्यासारखी पूर्ण वेळ नोकरी येथे करू शकले नाही, अर्धवेळ काम स्वीकारले, आणि या गोष्टीची खंत मला आहे. खेड्यातल्या जीवनाचे गुण सांगताना त्याची ही किंमत सांगितली पाहिजे, कारण ती बहुधा बाईलाच मोजावी लागते.

आता दुधाविषयी. गावाच्या टोकाला एक गोठा आहे आणि त्याच्या भिंतीला लागून दुधाचे स्वयंचलित यंत्र आहे. नाणे टाकायचे, काचेची बाटली खाली धरायची, की त्याच दिवशीचे निरसे दूध मिळते. यंत्रावर कायद्याने बंधनकारक अशी सूचना आहे, की हे कच्चे दूध आहे, पिण्याआधी उकळून घ्यावे. येथील तरुण कुटुंबांना ही कटकट वाटते. आम्ही तर दूध उकळल्याशिवाय कधी प्यायलोच नव्हतो. दुकानातल्या दुधावर साय धरत नाही, या दुधावर जाड साय येते. ती साठवून, तिला विरजण लावून आठवड्याच्या शेवटी मी लोणी काढते आणि तूप कढवते. थंडीत दही लागावे म्हणून पातेले ओव्हनमध्ये ठेवून आतला दिवा तेवढा लावून ठेवायचा, ही युक्ती सर्वांना उपयोगी पडेल. एकदा गोठ्यातल्या बाईंना मी तुपाची लहान बरणी दिली. त्यांना ते काय आहे हे सांगावे लागलेच नाही, कारण त्यांच्या आजेसासूबाई लोणी असेच कढवून मातीच्या भांड्यात हिवाळ्यासाठी ठेवीत असत. त्या दिवसापासून मला गोठ्यात आत जाण्याची मुभा मिळाली. मुलगी तिथे वासरांना बाटलीने दूध पाजते आणि सांगलीला आजोबांना फोनवर त्यांची नावे सांगते. आजोबांचा सारा जन्म म्हशींमध्ये गेला. नातीचे हे शिक्षण त्यांना शाळेतल्या शिक्षणाहून अधिक भरवशाचे वाटते.

भाजी पिकवण्याचे वेळापत्रक मला पुन्हा शिकावे लागले. खालच्या आजी मेच्या मध्यापर्यंत, म्हणजे ज्या संतांच्या स्मरणदिनांशी येथे वसंतातली शेवटची थंडी जोडली जाते त्या ‘थंडीच्या संतांचे’ ११ ते १५ मे हे दिवस सरेपर्यंत, टोमॅटोचे रोप बाहेर लावू देत नाहीत, कारण तोवर रात्री दहिवर गोठण्याची भीती असते. मिरची, टोमॅटो आणि एखादी भेंडी आम्ही त्यानंतरच मातीत लावतो. मेथी आणि कोथिंबीर त्याआधी येतात. हिरव्या मिरच्या, डाळी आणि कढीपत्ता यांसाठी किर्खहाइममधली तुर्की आणि आशियाई दुकाने आहेत. ज्वारीचे पीठ मात्र कोणी भारतातून येताना आणले तरच भाकरी होते.

या भागाचे खरे वैभव म्हणजे कुरणांवर विरळ लावलेली उंच फळझाडे. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये अशी सत्तर लाखांहून अधिक झाडे आहेत आणि त्यांचा मोठा भाग आल्बच्या या पायथ्याशी आहे. एप्रिलमध्ये चेरी आणि मागोमाग सफरचंद फुलतात तेव्हा सगळे उतार पांढरे होतात. पण ही झाडे म्हातारी होत चालली आहेत, छाटणी करणारी पिढी थकली आहे आणि फळे जमिनीवर कुजतात. ज्या मालकांना फळे काढणे शक्य नसते ते झाडाला पिवळी फीत बांधतात; असे झाड कोणीही उतरवून न्यावे, अशी या भागात रीत पडली आहे. पहिल्या शरद ऋतूत आम्ही पिवळ्या फितीच्या झाडाखाली सफरचंदे वेचत असताना एका वृद्ध गृहस्थांनी थांबून विचारपूस केली. ते गावाच्या फळबाग मंडळाचे जुने सदस्य निघाले. त्यांनी माझ्या पतींना फेब्रुवारीतल्या छाटणीच्या वर्गाला यायला सांगितले, आणि नुसते सांगून न थांबता वर्गाच्या सकाळी स्वतः दाराशी येऊन त्यांना घेऊन गेले.

छाटणी म्हणजे नुसत्या फांद्या कापणे नव्हे. मुख्य खोड आणि तीन-चार आधारफांद्या निश्चित करायच्या, आत वाढणारे आणि सरळ वर जाणारे कोंब काढायचे, उजेड झाडाच्या मध्यापर्यंत पोहोचला पाहिजे, आणि काप असा घ्यायचा की जखम झाडाला भरून काढता यावी. द्राक्षबागांच्या जिल्ह्यातली मी, त्यामुळे छाटणीवर पीक ठरते हे मला लहानपणापासून माहीत होते; पण तिथे वर्षाचा हिशेब असतो आणि येथे पन्नास वर्षांचा. पती आता दर हिवाळ्यात मंडळाबरोबर जातात आणि मंडळाने एका निपुत्रिक वृद्ध दांपत्याच्या कुरणातली काही झाडे सांभाळायला आम्हाला दिली आहेत. कागदोपत्री काही नाही, फक्त शब्द. गवत वेळेवर कापायचे, झाडे छाटायची, फळांतला वाटा त्यांच्या दारात पोचवायचा.

ऑक्टोबरमध्ये फळे पोत्यांत भरून आम्ही रस काढण्याच्या गिरणीवर नेतो. शंभर किलो सफरचंदांतून साठ-सत्तर लिटर रस निघतो. तो जवळजवळ ऐंशी अंशांपर्यंत तापवून पिशव्यांत भरतात आणि पिशवी पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवतात. असा रस उघडला नाही तर वर्षभर टिकतो. बोस्कोप जातीचे आंबट फळ मिसळले की रसाला धार येते. रांगेत उभे असताना प्रत्येक जण दुसऱ्याच्या पोत्यात कोणती जात आहे ते पाहतो आणि त्यावर बराच वेळ बोलतो. या रांगेत मला पहिल्यांदा असे वाटले, की समोरचा माणूस माझ्याशी केवळ सौजन्याने बोलत नाही. त्याला माझ्या सफरचंदांविषयी खरोखर जाणून घ्यायचे आहे.

गावात एक सामायिक भट्टीघर आहे. सरपण वाचावे म्हणून जुन्या काळी बांधलेली अशी भट्टीघरे श्वाबेनमधल्या पुष्कळ गावांत अजून वापरात आहेत. ठरलेल्या दिवशी काटक्यांच्या मोळ्या आत पेटवतात, विटा तापल्या की निखारे ओढून काढतात आणि ओल्या फडक्याने आतली फरशी पुसतात. आधी कांदा आणि मलई पसरलेल्या पातळ पोळ्या भाजायच्या, मग भाकरीएवढ्या जाडजूड पावांची पाळी, आणि उतरत्या उष्णतेत शेवटी केक. पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरतात. माझ्या लहानपणी दिवाळीआधी आई पीठ, तूप आणि साखर घेऊन गल्लीतल्या बेकरीत नानकटाई भाजायला नेत असे आणि तिथे बायकांची रांग असे. त्यामुळे या भट्टीघरात मी पहिल्या दिवसापासून रुळले. केकनंतर उरणाऱ्या मंद उष्णतेत मी नानकटाई भाजू लागले आणि आता माझ्यासाठी ती शेवटची वेळ राखून ठेवतात. वेलदोडा काहींना आवडला, काहींना नाही, आणि नाही आवडला ते त्यांनी स्पष्ट सांगितले. श्वाबेनची माणसे स्तुती फार करीत नाहीत. त्यांनी दोष सांगितला, तर त्यांना तुमच्याशी आपुलकी वाटू लागली असे समजावे.

हिवाळ्याविषयी लिहिल्याशिवाय हे वर्णन प्रामाणिक होणार नाही. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, अनेक दिवस तो दिसतच नाही, रविवारी दुकाने बंद असतात आणि रस्त्यावर माणूस दिसत नाही. रविवारी भिंतीला भोक पाडणे किंवा गवत कापणे यांसारखे आवाजाचे कोणतेही काम करायचे नाही. पहिल्या हिवाळ्यात मला रडू येई आणि त्याचे कारण सांगता येत नसे. बर्फ पडला, की कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत घरासमोरचा पदपथ मोकळा करून खडी टाकावी लागते. कोणी घसरून पडले तर जबाबदारी येते. अंधारात उठून फावड्याने बर्फ ओढण्याचे काम पतींच्या आणि माझ्या वाट्याला आले, कारण खालच्या आजोबांना आता ते झेपत नाही. पहाटे सगळी गल्ली एकाच वेळी फावडी घेऊन बाहेर असते. त्या थंडीत अंग तापवणाऱ्या कामाने आणि त्या चार शब्दांनी मला त्या हिवाळ्यातून बाहेर काढले, हे मी खात्रीने सांगू शकते. घरात दिवसातून दोन-तीनदा सर्व खिडक्या पूर्ण उघडून हवा बदलावी लागते, नाहीतर भिंतींवर बुरशी धरते, आणि आपल्या फोडणीच्या स्वयंपाकाला तर हा नियम दुप्पट लागू आहे.

सणांचे आम्ही काही मोठे आयोजन करीत नाही. गणपतीच्या दर्शनाला स्टुटगार्टमधल्या मराठी मंडळींकडे जातो. घरी शाडूची लहान मूर्ती असते आणि तिचे विसर्जन बादलीत करून माती कुंडीत घालतो. ११ नोव्हेंबरला संत मार्टिनच्या स्मरणार्थ मुले स्वतः केलेले कागदी कंदील घेऊन गावातून गात फिरतात. दिवाळी बहुधा त्याच्या आसपासच असते, त्यामुळे आमच्या गच्चीतला आकाशकंदील कोणाला वेगळा वाटत नाही. त्याच्या काड्या आणि पतंगाचा कागद जोडण्याची पद्धत दाखवायला मला बालवाडीत बोलावले होते आणि आता त्या मिरवणुकीत दोन-तीन पंचकोनी कंदील असतात.

सासूबाई आणि सासरे उन्हाळ्यात नव्वद दिवसांच्या व्हिसावर येऊन गेले. त्यांना गाव फार आवडले, पण येथे कायमचे राहणे त्यांना मानवणार नाही आणि ते कायद्यानेही सोपे नाही.

एवढ्या वर्षांत एक प्रश्न आमच्या घरात वारंवार येतो आणि तो नागरिकत्वाचा आहे. पतींना ब्लू कार्डमुळे, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या वास्तव्य-परवान्यामुळे, भाषेची बी-१ ही मध्यम पातळी दाखवून एकवीस महिन्यांनी कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळाला. पण युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला ग्रामपालिकेच्या निवडणुकीतही मतदान करता येत नाही. ग्रामपालिकेच्या सभा खुल्या असतात आणि मी त्यांना जाऊन बसते. शाळेच्या दुपारच्या देखभालीच्या जागा वाढवाव्यात, यासाठी पालकांच्या वतीने मी तेथे बोललेही आहे, पण हात वर करणाऱ्या सदस्यांना निवडून देणाऱ्यांत माझे मत नसते. कर भरणाऱ्या आणि गावाची कामे वाटून घेणाऱ्या माणसाला गावापुरते तरी मत असावे, असे माझे ठाम मत आहे.

जून २०२४ पासून जर्मनीने पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्व आणि त्याबरोबर जुने नागरिकत्व ठेवण्याची मुभा दिली आहे, पण भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. म्हणजे जर्मन पासपोर्ट घेतला, की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि त्याऐवजी ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारतात येण्याराहण्याची मुभा देणारे कार्ड, घेता येते. त्या कार्डावर भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळू शकते. परदेशात राहत असेपर्यंत भारतीय पासपोर्टवरही ती विकत घेता येत नाही, पण तो पासपोर्ट ठेवला तर भारतात परत राहायला गेल्यावर घेण्याची वाट उघडी राहते. माझ्या वडिलांची थोडी जमीन आहे. शेजारचा तुकडा विकायला निघाला तर तो घ्यावा, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा आहे आणि तो पुढेमागे माझ्या नावावर व्हावा असे त्यांना वाटते. यावर पतींचा आणि माझा विचार एक होत नाही. ते म्हणतात, की मुलीचे पुढचे शिक्षण आणि आपले काम येथे आहे, तर मतही येथे असावे. मला त्यांचे म्हणणे पटते, पण वडिलांना नाही म्हणण्याची तयारी अजून होत नाही. तूर्त असे ठरले आहे, की या वर्षी पतींनी अर्ज करायचा आणि मी माझा भारतीय पासपोर्ट जमिनीचा प्रश्न सुटेपर्यंत ठेवायचा. अर्जासाठी लागणारी नागरिकत्वाची चाचणी त्यांनी दिली आहे आणि शेवटच्या कागदपत्रांसाठी जिल्हा कार्यालयाची तारीख पुढच्या महिन्यात आहे.